भाच्याच्या खांद्यावरचा डाग

सांगा बरं भाऊ, खेळात भरवसा कोणावर ठेवावा? पंचावर, की ज्याला मार लागला त्याच्यावर? घाई नको, आधी माझं ऐका. मी पेंटबॉलची बंदूक बोलतेय. नावाचीच बंदूक; पोटात रंगाच्या गोळ्या. गोळी अंगावर फुटली की डाग पडतो, आणि डाग पडला की खेळाडूनं स्वतःच हात वर करून बाहेर जायचं. अख्खा खेळ एवढ्या इमानावर उभा.

चंपतरावांचं सदर बाजारात खेळाच्या सामानाचं दुकान. गिऱ्हाईक कॅरम बोर्ड घ्यायला आलं तरी ते माझेच गुण सांगायचे. बुटीबोरी रोडवर त्यांनी मैदान आखलं, हवा भरलेले आडोसे उभे केले. सुरुवातीला गर्दी अशी, की मला उसंत नसे. मग लोकांची हौस फिटली. गोळ्या महागल्या. मे महिन्यात तर पत्र्याच्या खोलीत त्या एकमेकींना चिकटून त्यांचा लाडूच व्हायचा. तो लाडू हातात घेऊन चंपतराव म्हणाले, "बरं झालं, आता एकाच गोळीत पुरी टीम बाद!" हसले, आणि एकेक गोळी नखानं सोडवत बसले.

वाढदिवसवाले येत, कंपन्यांच्या सहली येत. पण चंपतराव दरवर्षी भरवत ती स्पर्धा जगवली भूमिकासारख्या पोरींनी. बुटीबोरीच्या कापड गिरणीतली शिफ्ट संपवून ती थेट मैदानावर यायची, आणि तिला हातात मीच लागायची.

गेल्या वर्षीच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर होता सुशील, चंपतरावांचा भाचा. भूमिकानं चाप ओढला. गोळी त्याच्या खांद्यावर फुटली. त्यानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं खांदा पुसला आणि पळत सुटला. माझ्याच पोटातली गोळी. मला कळणार नाही? पण बंदुकीची साक्ष कोण काढतो?

पंच चंपतरावच होते.

"काका, लागली त्याले! दुपट्टा पाहा ना!"

त्यांनी पाहिला. निळा रंग अजून ओला होता.

"मले नाही दिसलं वं," ते म्हणाले.

आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. सकाळी मैदानात नारळ फोडला, तेव्हा चंपतराव सुशीलच्या पाया पडलेच होते. ज्याच्या पायावर डोकं टेकवलं, त्याला चारचौघांत बाद कसं म्हणायचं?

चषक सुशीलनं नेला. बुटीबोरीचे संघ पुन्हा फिरकले नाहीत, बाकीचेही गळाले. "तिथं पुसलं तरी चालते म्हणे," असं गावभर झालं. मग मैदानावर लग्नाचा लॉन काढायचा म्हणून एकजण चंपतरावांकडे खेटे घालू लागला.

परवा भूमिका आली. "काका, टीम मी जमवते. लॉनवाल्याले नाही म्हणा. फक्त सगळ्यांसमोर एकदा बोला, सुशील बाद होता म्हणून."

चंपतरावांचे ओठ हलले. मला वाटलं, निघाला शब्द.

"भाचा आहे वं माहा. कसं बोलू?"

"मंग नाचवा वराती!"

तिनं मला खुंटीवरून काढलं, नळीवरची धूळ बोटानं पुसली, पुन्हा टांगलं आणि निघाली. तिला थांबवायला माझ्याकडे तोंड नव्हतं, आणि ज्याला होतं तो खाली बघत होता.

काल आडोशांची हवा सोडली. फुसफुसत ते जमिनीला लागले. आता मांडवाचे खड्डे खणून राहिले. माझं काय व्हायचं ते होईल. तुम्हाला एकच विनंती, भाऊ. खेळात असा की धंद्यात, कधी तुम्हाला लागलं, तर तेवढं आपल्याच हातानं आपल्या खाती मांडा. इमानानं मांडा.