खाडीची म्हणून

बोईटाचा डोळा... आत गेलेला, दुधासारखा पांढरा. बायजाबाईनं कल्ला उचलून पाहिला. फिक्का. बर्फातली मासळी, दोन-तीन दिवसांची तरी असणार. अशी मासळी शेजारणीच्या पाटीत दिसली असती तर तिनं भर बाजारात तिचा उद्धार केला असता... आणि आज आपणच, जन्मभर बेलापूरला पाटी घेऊन बसलेली कोळीण, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ठाण्यापर्यंत जाऊन, तोंडावर पदर ओढून ही घेऊन आलो. विकत.

दत्तूनं सकाळीच बजावलं होतं, "आये, खाडीची नको करू. बाजारातली आन. आन साहेबानं इचारलं त खाडीचीच सांग."

का, ते तिनं विचारलं नाही. खाडीची मासळी तव्यावर पडली की घरभर रॉकेलसारखा वास सुटतो, घास तोंडात फिरतो. कंपनीचा नाला खाडीत उतरल्यापासूनचं हे. आणि त्याच कंपनीत मिठागराची जमीन गेली म्हणून दत्तूला चिकटवलेला – चार वर्षं टेंपररी. त्याला पर्मनंट करायचं की नाही ते सुपरवायझर सुर्वे ठरवणार. मूळचे रत्नागिरीकडचे, आता नेरूळच्या नव्या वसाहतीत राहणारे. एकदा कोळ्याच्या घरचं जेवू घाल, असं त्यांनीच म्हटलेलं.

तिनं चिंच जास्त घातली, लसूण ठेचून ठेचून घातला. शिळेपणा झाकायचं तिला कधी शिकावं लागलं नव्हतं, तरी हात आपोआप शिकले. तिला स्वतःच्या हातांचा राग आला.

सुर्वे पोटभर जेवले. बोटं चाटून म्हणाले, "मावशी, खाडीचीच ना?"

दत्तू ताटातला भात कालवत राहिला.

"हो. खाडीचीच. पहाटेची."

पहाटेची कुणी विचारलं होतं? तेवढं जास्तीचं कशाला बोललीस, बये? पण ते बोलताना तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नव्हता.

"मग तुमची माणसं उद्या गेटवर कशाला येतायत?" सुर्वे हसत म्हणाले. "मोठे साहेब असतील तिथे. मला सांगितलंत तेवढंच त्यांना सांगा. दत्तूचं मी बघतो."

"सांगेल ती," दत्तू म्हणाला. आईकडे न बघता.

सांगेल ती... वास मारणारी मासळी पाट्या भरभरून गेटवर नेऊन ओतायची, हे गावातल्या बायकांच्या डोक्यात मीच घातलं ना? घरोघर हिंडले, रडले, भांडले. पाटी घेऊन सगळ्यांच्या पुढे मीच चालणार होते. आणि दत्तू? त्याच्या शर्टालाही कंपनीचा तोच वास येतो, कितीही धुतला तरी. तो वास जायला नको म्हणून आता मी खोटं बोलायचं.

सुर्वे गेले. ती परसात टोप घासायला बसली. कुंपणापलीकडे तिचा दीर पोपट जाळं नीट करत होता. तिला पाहून म्हणाला, "वैनी, पहाटं जालं टाकतंव. गेटवर न्यायला पयली पाटी तुजीच भरतंव."

"भर," ती म्हणाली.

राखेनं घासून टोप लख्ख झाला होता, तरी ती घासत राहिली. नवरा खाडीत जायचा तेव्हापासून रोज पहाटे जाळ्यासाठी तिनं एकवीरेला हात जोडले होते. आताही जोडले गेले, सवयीनं. पण जाळं रिकामं यावं, एकही मासा लागू नये, हे मागणं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, आणि ते परत घ्यावंसं तिला वाटेना.