थोरल्या दिरासमोरचं बाक

एकाहत्तर सालच्या एप्रिलात, मुलांच्या परीक्षा संपल्या त्या दुपारी, आप्पासाहेबांनी ओसरीवर खडूनं जीप काढली. पुढं दोन चौकोन, मागं दोन लांब पट्टे. जीप त्यांनी नगरला लष्कराच्या लिलावात घेतली होती. पुढं ड्रायव्हर आणि शेजारी एक जण बसे, मागं समोरासमोर दोन बाकं होती आणि वर ताडपत्री. कर्जतजवळच्या त्या वस्तीवर मोटार म्हणजे ती एकच. ती आता अख्खं घर घेऊन पुण्याला निघणार होती, पेशवे पार्क बघायला. तिथं हत्ती होता, वाघ होता, आणि मुलांना बसवून बागेत फिरवणारी छोटी आगगाडी होती.

ही टूम पुष्पावतीची. आप्पासाहेबांची ती धाकटी सून. नगरला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली आणि नऊ वर्षांपूर्वी या घरात आलेली. आगगाडीचं तिनंच मुलांना सांगितलं, आणि मुलांनी आजोबांचा पिच्छा पुरवला. पुण्यात सासूच्या, मालनबाईंच्या, भावाकडं एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत, हेही तिनंच नवऱ्याच्या तोंडून सुचवलं होतं. तिची आठ वर्षांची शालन महिनाभर एकच विचारत होती, "आई, तू माझ्या डब्यात बसशील ना?" आणि पुष्पावती हो म्हणून बसली होती.

आप्पासाहेबांनी मूठभर सुपाऱ्या आणि चिंचोके घेतले. सुपारी म्हणजे पुरुषमाणूस, चिंचोका म्हणजे बाईमाणूस, पोरांसाठी हरभरे.

"गोरख गाडी हाकणार," त्यांनी पहिली सुपारी ठेवली. गोरक्षनाथ, पुष्पावतीचा नवरा. घरात गाडी चालवता येणारा तो एकटाच. "त्याच्या शेजारी मी. माझ्या मांडीवर एक पोरगं. रंगनाथ मागं."

रंगनाथ थोरला मुलगा. त्याला पुण्याहून विहिरीवरच्या इंजिनाचा पिस्टन आणायचा होता, म्हणून तो येणारच होता. त्याची सुपारी पट्ट्यावर बसली. त्याच्या शेजारी त्याची बायको चांगुणा, पलीकडं मालनबाई, मधे चार हरभरे. एक चिंचोका आप्पासाहेबांच्या हातात राहिला. त्यांनी तो इकडं धरला, तिकडं धरला, आणि शेवटी खडूच्या रेघेबाहेर ठेवून दिला.

"धाकलीचं बसत न्हाई," ते म्हणाले.

दाराआड उभ्या असलेल्या पुष्पावतीनं मनात मोजलं. मागचं एकेक बाक तिनं गेल्याच आठवड्यात मोजपट्टीनं मोजलं होतं: पाच फूट आठ इंच. मोठ्या माणसाला सोळा इंच, पोराला दहा धरले तरी चार मोठी आणि चार लहान माणसं बसून दोन्ही बाकांवर मिळून जागा उरत होती. अडचण इंचांची नव्हती. या घरात सून सासऱ्यापुढं किंवा थोरल्या दिरापुढं बसत नसे. रंगनाथ ओसरीवर आला की ती उठून आत जाई. नऊ वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती, तोही तिच्याशी बोललेला नव्हता. आमटीत मीठ कमी पडलं तर तो खांबाकडं बघून म्हणे, "मीठ कुनी टाकलंच न्हाई वाटतं," आणि ती वाटी मालनबाईंच्या हाती पाठवी. समोरच्या बाकावर बसावं तर गुडघ्याला गुडघा. त्याच बाकावर बसावं तर थोरल्या दिराच्या बरोबरीनं बसणं, ते त्याहून वाईट.

"आत्याबाई," ती दाराआडून सासूला म्हणाली, "मामंजींना विचारा, थोरले भाऊजी पुढं बसले आणि मामंजी मागं बसले तर?"

मालनबाई तिच्या आणि आप्पासाहेबांच्या मधोमध शेंगा फोडत बसल्या होत्या. आप्पासाहेब चार हातांवर होते. तरी मालनबाईंनी मान वळवून निरोप दिला, "ती म्हनती, तुमी मागं बसा."

"ऐकलं मी. मी मागं बसलो तर दोन सुना माझ्या तोंडासमोर. तिला म्हनावं, हिशेब वाढला, कमी न्हाई झाला."

"मग भाऊजी एस.टी.नं येतील का?"

आता रंगनाथाला बोलणं भाग पडलं. तो खांबाला म्हणाला, "घरची गाडी असताना थोरल्यानं एस.टी.त उभं राहून जायचं व्हय?"

"एक करा की," मालनबाई म्हणाल्या. "दोन्ही बाकांच्या मधी खाली पोतं टाकू. पुष्पा खाली बसंल. घरात तरी आपन कुठं खाटंवर बसतो?"

आप्पासाहेबांना ते पटलं. त्यांनी चिंचोका उचलून दोन पट्ट्यांच्या मधे ठेवला. "खाली बसायचं आसंल तर चल. न्हाईतर घरी ऱ्हा, आमी पोरीला दावून आनतो. एवढं काय त्यात?"

पुष्पावतीनं त्या चिंचोक्याकडं बघितलं. एकशे चाळीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. सात जणांच्या चौदा पायांमधे.

संध्याकाळी चुलीपुढं चांगुणा भाकरी थापत होती आणि पुष्पावती जाळ सारत होती.

"मी ऱ्हाते घरी," चांगुणा म्हणाली. "तू जा. मला काय त्या वाघाचं."

"तुम्ही राहिलात तरी माझं बसत नाही, आक्का. तुमच्यामुळं अडलेलंच नाही ते."

"मग बस की खाली. दोन घंट्याचा सवाल."

"चार तासांचा. आणि खाली बसून मला बाहेरचं काही दिसणार नाही. शालन विचारेल, आई, ते काय? मी काय सांगू? तुझ्या काकांच्या वहाणा?"

चांगुणा तोंडाला पदर लावून हसली. मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "सोळा वर्सं झाली मला. एकदा बी डोक्यात आलं न्हाई, की हे इचारता येतं."

गोरक्षनाथाला पुष्पावतीनं गोठ्यात गाठलं. तो जीपचं चाक काढून बसला होता.

"तुम्ही आप्पांना सांगा."

"काय सांगू? माझ्या बायकोला दादाच्या समोर बसवा म्हनून?"

"हो. तेवढंच."

"पुष्पा, एकदा खाली बसलीस तर काय झिजशील का? गावात लोक काय म्हनतील?"

"गावातले लोक जीपमधे नसणार. मी मोजलंय, जागाच नाही त्यांना."

त्यानं पाना खाली ठेवला, तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा उचलला. "माझ्यानं आप्पांपुढं बोलणं व्हायचं न्हाई," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. चाळीस एकर जमिनीतल्या पिकांबद्दलसुद्धा तो बापाशी मान खाली घालून बोलत असे. पुष्पावतीनं ते समजून घेतलं आणि त्याच्याकडून अपेक्षा ठेवणं तिथंच थांबवलं.

निघायच्या दिवशी पहाटे तिनं दोन्ही मुलांना आंघोळी घातल्या, दशम्यांचं गाठोडं बांधलं, म्हशींची धार काढायचं कडूबाईला पुन्हा एकदा सांगितलं. कडूबाई सालगड्याची बायको. ती म्हणाली, "तुमी सगळ्याच चालला व्हय?" पुष्पावती म्हणाली, "सगळ्याच." मग ती लग्नातलं हिरवं लुगडं नेसली, तिनं मुलांना घेतलं, आणि कुणी अंगणात यायच्या आत जाऊन जीपच्या मागच्या बाकावर बसली. ड्रायव्हरच्या पाठीमागं, अगदी आतल्या कोपऱ्यात. शालनला शेजारी घेतलं, धाकट्याला मांडीवर.

आप्पासाहेब फेटा बांधून आले. त्यांनी आत डोकावलं.

"पोतं कुठाय?"

मालनबाई पोतं घेऊन उभ्याच होत्या. "पुष्पा, सरक, टाकते."

"नको आत्याबाई," पुष्पावती म्हणाली. "मी इथंच बसणार आहे."

रंगनाथ जीपच्या मागं येऊन थांबला. त्याचा एक पाय पायरीवर होता. तो त्यानं खाली घेतला आणि तो आंब्याच्या झाडाकडं बघू लागला.

"गोरख, तिला उतरायला सांग," आप्पासाहेब म्हणाले.

गोरक्षनाथ इंजिन सुरू करून स्टिअरिंग धरून बसला होता. उतर असंही म्हणाला नाही, बस असंही म्हणाला नाही. पुष्पावतीला त्या क्षणी तेवढंही पुरलं.

"मामंजी," ती म्हणाली. अंगणात एकदम सगळं थांबलं. मालनबाईंच्या हातातलं पोतं खाली आलं. सुनेनं सासऱ्याला मधे कुणाला न घालता हाक मारली होती. आवाज होता तसाच निघाला, वर्गात उत्तर द्यायला उभं राहिल्यासारखा. "एस.टी.त बसले तर समोर कोण परका पुरुष येईल सांगता येत नाही. तेव्हा कुणी मला खाली बस म्हणत नाही. घरच्या माणसासमोर बसायला मी का लाजावं?"

"परका परका आस्तो. थोरल्या दिराचा मान आस्तो."

"मान मी ठेवते. डोक्यावरून पदर आहे. खाली बसून तो वाढणार नाही. मी खाली बसणार नाही आणि घरीही राहणार नाही."

"मग गाडी हलायची न्हाई. गोरख, बंद कर."

गोरक्षनाथानं इंजिन बंद केलं. आप्पासाहेब ओसरीवरच्या खाटेवर जाऊन बसले आणि तंबाखू मळू लागले. पुष्पावती बसून राहिली. ऊन गोठ्याच्या भिंतीवर आलं, मग अंगणात उतरलं. धाकटा तिच्या मांडीवर झोपला. शालन कानात कुजबुजली, "आई, आपण जायचं नाही का?" पुष्पावती म्हणाली, "आपण निघालोय. गाडी निघायचीय."

पाऊण तासानं चांगुणा घरातून आली. तिनं आपल्या तिन्ही पोरांना एकेक करून वर चढवलं, लुगडं सावरलं, आणि स्वतः चढून पुष्पावतीसमोरच्या बाकावर बसली. नवऱ्याकडं तिनं बघितलंच नाही. मागून मालनबाईंनी गाठोडं वर दिलं आणि त्याही चढल्या. "उन्हाचं अंगनात किती उभं ऱ्हायाचं मानसानं," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या.

आता अंगणात दोन पुरुष राहिले होते. रंगनाथ खाटेपाशी गेला. "आप्पा, पिस्टनचं दुकान दुपारला बंद आस्तंय."

"मग जा की बसून. तुला कुनी धरलंय?"

रंगनाथ परत आला. जीपच्या मागं दारासारखी लावायची फळी खाली सोडून तो तिच्यावर बसला, जीपकडं पाठ करून आणि पाय बाहेर सोडून. पुष्पावतीनं सगळ्या जागा मोजल्या होत्या; फळी तिच्या मोजणीत नव्हती. आप्पासाहेब सगळ्यांत शेवटी उठले. पुढच्या सीटवर बसताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, मांडीवर घ्यायला पोरही मागितलं नाही. फक्त म्हणाले, "हाक."

श्रीगोंद्यापर्यंतचा रस्ता निम्मा खडीचा होता आणि निम्मा तोही नव्हता. मागच्या चाकांनी उडवलेला फुफाटा वळून फळीवर येत होता. पुष्पावती शालनला हिवराची झाडं, दूरचा डोंगर, विहिरीवरची मोट दाखवत होती. चांगुणा शालनहून जास्त विचारत होती. बाकावर चांगुणाच्या शेजारची सोळा इंच जागा रिकामी होती, आणि प्रत्येक खड्ड्याला रंगनाथ एका हातानं ताडपत्रीचा दांडा आणि दुसऱ्या हातानं टोपी धरत होता. हाक मारावी असं पुष्पावतीला दोनदा वाटलं. तिनं मारली नाही. तिथं बसायचं त्यानं ठरवलं होतं.

श्रीगोंद्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा रंगनाथ खाली उतरला. त्याचा चेहरा पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसासारखा झाला होता. भुवयासुद्धा पांढऱ्या. त्याचाच थोरला पोरगा हसू लागला. "आबा म्हातारं झालं!" चांगुणानं पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच हसली. रंगनाथानं हॉटेलच्या हौदावर तोंड धुतलं, खोकला, पुन्हा धुतलं. आप्पासाहेब बशीत चहा ओतून पीत होते. ते बघत होते.

गाडी सुरू झाली. रंगनाथ फळीपाशी आला, फळीकडं बघितलं, मग फळीनं घासलेल्या आपल्या धोतराकडं. त्यानं फळी उचलून कडी लावली आणि वर चढून आत आला.

"सरक रं जरा," तो पोराला म्हणाला, आणि चांगुणाच्या शेजारी, पुष्पावतीच्या समोर थोडा तिरका बसला. मालनबाईंनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. खरं तर ताडपत्रीला खिडकी नव्हतीच. पुढच्या सीटवरचा फेटा क्षणभर वळायला लागला आणि तसाच सरळ झाला.

रंगनाथाला पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. पुष्पावतीनं पायाजवळचा फिरकीचा तांब्या उघडला, पेला भरला, आणि हात पुढं केला.

"पाणी घ्या, भाऊजी."

त्याला घ्यायलाच हवं होतं, कारण मधे द्यायला कुणी नव्हतं. मालनबाई अजून बाहेरच बघत होत्या, आणि चांगुणानं दोन्ही हातांनी आपल्या धाकट्या पोरीला धरलेलं होतं आणि ती हात सोडायला तयार नव्हती. रंगनाथानं पेला घेतला, सगळं पाणी प्याला, आणि पेला परत दिला. हात पुसत त्यानं आधी ताडपत्रीकडं बघितलं, मग दांड्याकडं. जीपमधे खांब नव्हता.

"पुन्याला किती वाजता पोचू?" त्यानं शेवटी तिलाच विचारलं.

"साडेबारापर्यंत," पुष्पावती म्हणाली. "घरून वेळेवर निघालो असतो तर साडेअकरालाच."

पुढून आप्पासाहेबांनी घसा खाकरला. गोरक्षनाथानं गिअर बदलला आणि जीप जोरात निघाली.