कप दुकानाचा, कॉफी घरची

मी कप बोलतोय. कागदी. एकदा प्यायचं आणि फेकून द्यायचं, त्यातला. नाक मुरडू नका. फेकलं जाण्यात आम्हाला कसलाही कमीपणा वाटत नाही. काम झालं की डब्यात, एवढं सरळ आमचं आयुष्य. माझी अब्रू गेली ती मला वेळेवर फेकलं नाही म्हणून.

कारखान्यात मला कागदाच्या भल्यामोठ्या रिळातून कापलं, गुंडाळलं, बुडाला चकती चिकटवली आणि अंगावर छाप मारला. तपकिरी पक्षी, चोचीत कॉफीचं बी. त्या पक्ष्याचा मला तेव्हा भलताच तोरा होता. आपल्यासारखे हजारो निघालेत हे दिसत असूनही प्रत्येकाला वाटतं आपणच खास. हा गुण मी माणसांकडून घेतला असावा.

मग आमची चळत एका दुकानाच्या काउंटरवर येऊन बसली. दुकान छोटंसं, विमा कंपनीच्या इमारतीच्या अगदी समोर. चार टेबलं, एक फुसफुसणारं मशीन आणि मशीनमागे ताई. त्यांना सगळे ताईच म्हणत. अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या हॉटेलात काउंटर सांभाळून त्यांनी हे स्वतःचं दुकान उभं केलं होतं, आणि दुकानावाचून त्यांना दुसरा आधार नव्हता. हाताखाली माणूस नाही. दार उघडणं, कॉफी करणं, फरशी पुसणं, सगळं त्याच.

चळतीत मी तळाशी होतो, त्यामुळे मला बरंच बघायला मिळालं. भाव चढायला लागले तेच दिवस होते ते. दूध वाढलं, कॉफीचं बी वाढलं, गॅस वाढला. ताईंनी फळ्यावरचा जुना दर पुसून नवा लिहिला, आणि जो येईल त्याला आपलीच चूक असल्यासारखं सांगत बसल्या, "नाइलाज झाला हो."

"अहो ताई, एवढ्यातेवढ्याने काय फरक पडतो?" सगळे म्हणाले. अगदी तोंड भरून म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक जण येईनासा झाला.

शुक्रवारी दुपारी ऑफिसातली मंडळी टेबलं जोडून जेवायला बसायची. सूप, सँडविच, वर पुन्हा कॉफी. दर वाढल्यावर एकाएकी सगळ्यांच्या तब्येती बिघडल्या. एकाला पित्त, एकीचं डाएट, एकाला म्हणे बाहेरचं सोसेना. एकाने तरी म्हणावं की बाबांनो, परवडत नाही. छे. शेवटच्या शुक्रवारी सहाजण आले, एक सँडविच मागवलं, त्याचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करून एकमेकांना "घ्या ना, मला खरंच भूक नाही" असा आग्रह करत बसले आणि जाताना साखरेच्या पुड्या मात्र मूठमूठ घेऊन गेले. पित्तवालेही. ताईंनी ते पाहिलं आणि रिकामं भांडं मुकाट्याने पुन्हा भरून ठेवलं.

त्याच आठवड्यात माझा नंबर लागला. मला घेतलं विमा कंपनीतल्या एका गृहस्थांनी. वय पन्नाशीच्या अलीकडे, हुद्दा बरा, शर्टाची इस्त्री कडक. "नेहमीची," म्हणाले. ताईंनी कॉफी भरली, झाकण लावलं. मला वाटलं, चला, तासाभराचं आयुष्य आहे, मानाने जाऊ.

कसलं काय. कॉफी संपली आणि गृहस्थांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं. संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून घरी नेलं. बायकोच्या हातात देऊन म्हणाले, "हा धुऊन ठेव."

ती हसली. "कागदाचा कप धुऊ?"

"हळू धू. छाप जाऊ देऊ नकोस."

तिने धुतलं. पण मी काही धुवायच्या वस्तूंतला नाही, लगेच बुडाशी ओला झालो. मग गृहस्थांनी स्वयंपाकघरातली सगळी मांडणी उपसली आणि माझ्यात बरोब्बर बसेल असा एक स्टीलचा ग्लास शोधून काढला. तो माझ्यात घातला, वर झाकण दाबलं. बाहेरून बघणाऱ्याला मी, आत स्टीलचा ग्लास, ग्लासात घरची कॉफी. एवढी अक्कल या माणसाने ऑफिसात वापरली असती तर पगार वाढला असता आणि मला हे दिवस आले नसते.

"अहो, सरळ थर्मास न्या ना," बायको म्हणाली. "चार माणसं नेतात."

"थर्मास म्हटला की घरची कॉफी हे लांबून कळतं."

"कळलं तर काय होईल?"

गृहस्थ आरशासमोर उभे राहून मला हातात कसं धरायचं ते बघत होते. पक्षी बाहेरच्या बाजूला यायला हवा होता.

तेव्हापासून मी रोज ऑफिसात जाऊ लागलो. बसस्टॉप ताईंच्या दुकानाच्या बाजूलाच, त्यामुळे दारावरून जावंच लागे. दुकान जवळ आलं की गृहस्थ फोन कानाला लावायचे. पलीकडे कोणी नसायचं. "हां हां, बोला, पोचतोच आहे," असं आपलं स्वतःशीच. ताई आत मशीनपाशी पाठमोऱ्या असायच्या. हे झपाझप पुढे.

वर गेल्यावर मला टेबलाच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवायचं. शेजारच्या टेबलावरच्या बाई अत्तर भारी लावायच्या, त्यांना मी अत्तरबाईच म्हणतो. त्यांच्याकडेही माझाच एक भाऊबंद उभा असायचा, पक्ष्याचा रंग विटलेला. मीटिंगला आम्ही कप एका रांगेत बसायचो, तेव्हा उलगडा झाला. अत्तरबाईंच्या कपात बायकांच्या स्वच्छतागृहात थर्मासातून ओतलेली कॉफी. पित्तवाल्यांच्या कपात नुसतं कोमट पाणी. आणि मोठे साहेब केबिनचं दार लावून झटपट कॉफीची पुडी फोडायचे आणि चमच्याऐवजी पेनाने ढवळायचे. कुणाची पेनं ते विचारू नका. वर तोंड करून एकमेकांना म्हणायचे, "ताईंच्या हाताची चव कुठेच नाही हो."

मला हसू यायचं तेव्हा. पुढे नाही आलं.

ताईंच्या गाळ्याचा करार संपत आला होता. गाळ्याच्या मालकाला भाडं वाढवून हवं होतं. ताई म्हणत होत्या, वर्षभर तरी जुनंच राहू द्या, गिऱ्हाईक तुटलंय, वाढलं तर मला दुकान बंद करावं लागेल. मालक काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मी एकदा सकाळी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. खरंच धंदा नसेल तर भाडं वाढवणार नाही."

हे मला कसं कळलं? मालक बघायला आला त्याच सकाळी कळलं. आमचे गृहस्थ फोन कानाला लावून दारावरून सटकत होते. ताई नेमक्या दारात उभ्या होत्या.

"साहेब, जरा आत येता का? एकच मिनिट."

आत गाळ्याचा मालक बसला होता. चारही टेबलं रिकामी. ताईंनी सगळी गोष्ट दोन वाक्यांत सांगितली आणि म्हणाल्या, "माझं यांना खरं वाटत नाही. तुम्ही माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. तुमच्या ऑफिसातली माणसं आता येत नाहीत, एवढंच यांना सांगा."

मालकाने बोट केलं. माझ्याकडे.

"हे काय मग? ताई, मी अर्ध्या तासापासून बघतोय. समोरच्या इमारतीत जाणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात तुमचा कप आहे. आणि तुम्ही म्हणता धंदा नाही." मग गृहस्थांकडे वळून, "काय हो, रोज घेता ना इथली कॉफी?"

एक वाक्य बोलायचं होतं. 'ही घरची आहे.' तीन शब्दांत एका बाईचं दुकान वाचत होतं. माझ्या पोटातला ग्लास गरम होता, मला कंठ असता तर मीच ओरडलो असतो.

तेवढ्यात दार उघडून अत्तरबाई आत डोकावल्या. "येताय ना? लिफ्टला गर्दी होईल." त्यांच्याही हातात कप.

गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शर्टाची कॉलर नीट केली.

"रोज," ते म्हणाले. "त्याशिवाय दिवसच सुरू होत नाही."

"रोज?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे, कधी कधी तुम्ही नसता तेव्हा घेतो."

"मी नसते असं कधी झालंय?"

ताईंनी आता मला नीट पाहिलं. पक्षी विटलेला, कडा धुऊन धुऊन भुसभुशीत झालेल्या. त्यांना कळलं. झाकण उचललं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. त्यांनी उचललं नाही. भरल्या दुकानात त्यांनी कधी कुणाचा पाणउतारा केला नव्हता, आणि रिकाम्या दुकानातही केला नाही. चार पैशांच्या तोऱ्यासाठी खोटं बोलणारा मानाने बाहेर पडला आणि खरं बोलणारी खोटी ठरली. मी फक्त कागद आहे, पण मला त्या क्षणी या माणसाच्या हातात असण्याची किळस आली.

"झालं तर मग," मालक उठला. "गिऱ्हाईक स्वतःच सांगतंय."

लिफ्टमध्ये गच्च गर्दी होती. कुणाचा तरी धक्का लागला आणि माझ्या पोटातला ग्लास टण्ण वाजला. सगळ्यांनी ऐकलं. लगेच मागच्या कोपऱ्यातूनही एक टण्ण आलं. सगळे मान वर करून मजल्याचे आकडे बघत राहिले.

रात्री जेवताना गृहस्थांनी बायकोला सांगून टाकलं. तिने हातातला घास खाली ठेवला.

"एवढं बोलता आलं नाही?"

"शेजारच्या टेबलावरच्या बाई मागे उभ्या होत्या."

"तिच्या कपात काय असतं?"

"थर्मासमधली कॉफी. सगळ्यांना माहीत आहे."

"मग लाज कुणाची वाटली तुम्हाला?"

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने कॉफी भरून दिली नाही. गृहस्थांनी स्वतः केली, करपवली आणि नेली. पण नेली.

महिना संपला आणि दुकानाचं शटर खाली आलं. आत मशीन नाही, टेबलं नाहीत. त्या सकाळी मला वाटलं, आता तरी सुटलो. बंद दुकानाचा कप कोण मिरवणार? मिरवला. सगळ्यांनी मिरवला. सवयच ती. शटरसमोरून चालत गेले, वर गेले, रांगेत कप मांडले आणि हळहळू लागले. "बंद झालं म्हणे. वाईट झालं. लोकांना चांगल्या गोष्टींची किंमतच नाही." मोठे साहेब हे बोलून माझ्या भाऊबंदातून एक घोट प्यायले. आजची ही कॉफी आली कुठून, हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारणार कोण?

दुपारी ताई आल्या. दुकानाचा विमा त्याच कंपनीत होता, तो बंद करायचा होता, आणि ते काम आमच्या गृहस्थांच्या टेबलावर. त्या समोर बसल्या. मी मध्ये उभा. मला उचलून लपवायचं तर त्यांच्या डोळ्यांदेखत लपवावं लागलं असतं, म्हणून गृहस्थ नुसतेच घामाघूम झाले.

ताईंनी सही केली. मग मला उचललं, झाकण काढलं, आत ग्लास पाहिला. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या.

"साहेब," त्या हळू म्हणाल्या, "परवडत नाही हे मला सांगितलं असतंत तर मी काय हसले असते? मी तरी कुठे रोज दुकानातली कॉफी पीत होते? मीही घरून चहा न्यायची. मशीनमागे उभी राहून प्यायची."

ताईंनी झाकण परत लावलं, चारही बाजूंनी दाबून, गळू नये म्हणून, आणि नमस्कार करून गेल्या. त्या लिफ्टपर्यंत पोचायच्या आत टेबलांवरचे सगळे कप खणात गेले होते.

संध्याकाळी गृहस्थांनी खालच्या मजल्यावरच्या मोठ्या कचऱ्याच्या डब्यापाशी येऊन माझ्यातून ग्लास काढला, पुसून पिशवीत टाकला आणि मला डब्यात सोडलं. शेवटी एकदाचं. तिथूनच मी हे सांगतोय. तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत, पण विनंती समजा. घरची प्यायची तर खुशाल प्या, थर्मासमधून प्या, वाटीतून प्या, त्यात काहीच लाजिरवाणं नाही. फक्त आमचं कातडं पांघरू नका. आमच्याकडे बघून कुणीतरी कुणाचं तरी भाडं ठरवत असतं.

एवढं बोलून मी निरोप घेणार होतो. तेवढ्यात वर पावलं वाजली. गृहस्थ परत आले होते. इकडेतिकडे बघत त्यांनी डब्यात हात घातला. खरं सांगतो, मला वाटलं, माणसाला पश्चात्ताप झाला, दुकानाची आठवण म्हणून का होईना, मला न्यायला आला.

हात माझ्या अंगावरून पुढे गेला. शेजारीच कोपऱ्यावरच्या बड्या, महागड्या कॉफीशॉपचा हिरवा कप पडला होता, नुकताच कुणीतरी टाकलेला, स्वच्छ. तो त्यांनी उचलला, रुमालाने पुसला, पिशवीतला ग्लास त्यात घालून पाहिला. ग्लास बसला.