आळ आला तो चाचणीच्या सर्व्हरवर

बोल म्हणे! इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता वायर उपटायच्या वेळी यांना माझी कहाणी हवी. घ्या तर.

मी हॉस्पिटलातला चाचणीचा सर्व्हर बोलतोय. शिकलासवरलेला नाही, सांगतील तेवढं करतो. खऱ्या कामाचा सर्व्हर माझा धाकटा भाऊ. तो कुलूपबंद, गारेगार खोलीत. मी टेबलाखाली, लोकांच्या लाथा खात.

काम सोपं. प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट डब्यात भरून येतो. त्या डब्याला हे कंटेनर म्हणतात. तो आधी माझ्याकडे चालवायचा. कोसळला तर माझ्या अंगावर. टिकला, की तोच डबा धाकट्याकडे. डबा एकच, पण माहिती कुठून घ्यायची तो पत्ता दोघांचा वेगळा. त्याच्याकडे खरे पेशंट, माझ्याकडे बनावट. म्हणून प्रत्येक चाचणीआधी मी सगळी माहिती पुसून पाटी कोरी करायचो.

चाचणी घेणारी ताई गोड. "आजोबा, तापू नका हं," म्हणत माझी धूळ झटकायची.

मग नवे साहेब आले. कुठून तरी ऐकून आले होते, की चाचणी आणि खरं काम, दोन्हीकडे सगळं एकसारखं पाहिजे. धाकट्याची सेटिंगं उचलली आणि माझ्यात ओतली. पत्त्यासकट!

ताई म्हणाली, "साहेब, पत्ता तरी वेगळा राहू द्या."

"एकसारखं म्हणजे एकसारखं. चालवा."

तिनं चालवलं. मी सवयीनं पुसलं. पुसले गेले ते खरे पेशंट.

भिंतीपलीकडे डायलिसिसला आलेली माणसं खोळंबली. कुणाची पाळी कधी, कुणालाच ठाऊक नाही. एक बाई ओरडत होती, "अहो, यादीतलं नाव मरू दे! आईला दम लागलाय, आधी आत घ्या!" म्हातारीला शेवटी अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. वाचली बिचारी. माहितीही बॅकअपमधून परत आली.

बैठकीत साहेब म्हणाले, "ते खटारं बिघडलंय. भंगारात काढा."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"हो... हल्ली जरा विचित्रच वागतं ते," म्हणाली, आणि मान खाली घातली. नोकरीची भीती असते, कळतं मला. कळलं म्हणून काय झालं?

आता नवा डबा थेट धाकट्याकडे जाणार. कोसळेल तेव्हा आजारी माणसांच्या अंगावर कोसळेल. तेवढं सांभाळा.

साहेबांची माफी मला नको. आपलं काय चुकलं हेच त्यांना कळायचं नाही. पण जिला सगळं माहीत होतं, जिचा हात आत्ता माझ्या वायरवर आहे, तिनं मागायची राहिलीय. ताईनं.