कट्टा रहने देना

फ्रिजच्या दारावर आता जागा उरली नव्हती. उटी, गंगटोक, द्वारका, अंदमान, पुन्हा उटी. जिथं जातील तिथलं एक चुंबक आणून चिकटवायचं, हा निवेदिता आणि हेमेंद्र घोरपड्यांचा दोन वर्षांचा रिवाज. येणारा-जाणारा फ्रिज बघून म्हणायचा, "वा, मजा आहे बुवा तुमची!" म्हणेनात का बापडे. बोलणाऱ्याचं काय जातं?

खरी गोष्ट अशी, की त्याआधी सोळा वर्षं हे नवराबायको ग्वाल्हेर सोडून आग्र्याच्या पलीकडे गेले नव्हते. कारण गरिमा होती. एकुलती एक लेक. जन्मापासून पायांत जोर नाही, कंबरेतही नाही; डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून तल्लख. शिकवायला भिंडहून एक मास्तर यायचे. एकदा त्यांना म्हणाली, "सर, आज मैं कट्टे से गिरते गिरते बची." मास्तर पांढरेफटक. त्यांच्या मुलखात कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल! ते दाराकडे बघायला लागले आणि ही कार्टी हसून हसून गाद्यांवर आडवी झाली. ते हसणं निवेदिताला अजून ऐकू यायचं.

दोन वर्षांपूर्वी छातीत कफ साचल्याचं निमित्त झालं आणि गरिमा गेली. तेराव्याला आलेले नातेवाईक काय म्हणाले असतील? "आता मोकळे झालात. फिरा जरा, मन रमेल." मोकळे! आग लागो त्या शब्दाला. पण घरात बसवेना, म्हणून दोघं फिरायला लागले. आणि खोटं कशाला बोला, परगावी बरं वाटायचंही. हॉटेलात दोघं बोलायचे, भांडायचे, चहा कडू आहे म्हणून वेटरला बोलावायचे. घरी आलं की मात्र पुन्हा तेच. दर्पण कॉलनीतलं दार उघडायचं, बॅगा ठेवायच्या, आणि पहिली अंघोळ. बाथरूममध्ये पाऊल टाकलं की समोर कट्टा.

हा कट्टा गरिमासाठी बांधलेला. गुडघ्याइतका उंच, भिंतीला लागून, वर ग्वाल्हेरी दगडाची जाड फरशी. दगडाची कड मांडीला रुतू नये म्हणून हेमेंद्रनं ती स्वतः घासून गोल केली होती. पाटणकर बाजारात त्याचं बांधकाम सामानाचं दुकान. नळ, पाइप, सिमेंट, सगळं. दुकानात दहा माणसं हाताखाली असतील, पण ती कड त्यानं कुणाला घासू दिली नाही. रोज सकाळी तो लेकीला उचलून कट्ट्यावर बसवायचा आणि बाहेर पॅसेजमधल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसायचा. आत निवेदिता तिला न्हाऊ घालायची, कपडे चढवायची. मग आतून गरिमाची हाक यायची, "बाबाऽ, झालं!" पेपर खाली, बाबा आत, पोर उचलून बाहेर. यात कधी खंड नाही. ताप असो, सण असो, दुकानावर कुणी ताटकळत असो.

गरिमा गेल्यावरही निवेदिता आपली अंघोळ झाली की कट्टा कोरडा पुसायची. ओल्या दगडावरून पोरगी घसरेल, म्हणून हाताला लागलेली सवय ती. पुसून झालं की जरा वेळ त्यावर बसायची. काही बोलायची नाही, रडायचीही नाही रोज. पण दिवसातून एकदा आई होऊन घ्यायची जागा तिला तेवढी एकच उरली होती. बाकी घरातून लोकांनी सगळं उचलून नेलं होतं, चाकांची खुर्ची, पलंग, औषधं, देवासारखे धावून येऊन, चांगल्या मनानं.

हेमेंद्रचं निराळंच. तो अंगणातल्या नळावर अंघोळ करायला लागला. उन्हाळ्यात म्हणाला, "गरमी आहे, बरं वाटतं." ठीक. जानेवारीतही नळावरच! ग्वाल्हेरची जानेवारी म्हणजे दात वाजवणारी. "अहो, मरायचंय का?" निवेदिता ओरडायची. तो अंग पुसत म्हणायचा, "आदत झाली ग." तिला वाटायचं, वय झालं की पुरुष विचित्र होतात, त्यातलंच हे.

मग बाथरूमच्या भिंतीतून ओल फुटली. गरिमाच्या खोलीचं प्लास्टर ढेकळांनी पडायला लागलं. जुने पाइप कुजले होते, सगळं उकरून नवं करण्यावाचून इलाज नव्हता. निवेदितानं पावसाळा गेला तरी ताणलं. शेवटी म्हणाली, "करा. पण कट्टा राहील. बाकी सोन्याचं करा नाहीतर मातीचं, कट्टा राहील."

"राहील," हेमेंद्र म्हणाला.

तरी तिचा विश्वास नव्हता. तो कामगारांपुढे मुळमुळीत बोलतो, हे तिला पक्कं ठाऊक. मुन्नारला निघायच्या सकाळी रामसेवक मिस्त्री हत्यारं घेऊन आला, तेव्हा ती स्वतः बाथरूमच्या दारात उभी राहिली. समोरच्या कोपऱ्यात कट्टा. त्याला टेकून आदल्या दिवशी दुकानातून आलेलं सिमेंटचं एक पोतं. तिनं कोपऱ्याकडे हात केला आणि ठणकावून सांगितलं, "देखो भैया, बाकी सब तोड़ दो. पर वो कट्टा रहने देना. उसको हाथ मत लगाना."

"जी भाभीजी. हाथ भी नहीं लगाएँगे."

हेमेंद्र मागे बॅग घेऊन उभा होता. त्यानं तोंड उघडलं. मग घड्याळ बघितलं. "चल," म्हणाला, "गाडी सुटेल."

मुन्नार छान होतं. चहाचे मळे, धुकं, सगळं फोटोत असतं तसं. निवेदितानं चुंबक घेतलं. हेमेंद्र नीट जेवत नव्हता, तेवढंच. शेजारच्या सुधाताईंकडे किल्ली होती, त्या फोनवर सांगायच्या, "बाथरूम अगदी हॉटेलसारखं होतंय हो!"

झालंही हॉटेलसारखंच. परत आल्यावर निवेदितानं बॅगही खाली ठेवली नाही, सरळ आत गेली. मोतिया रंगाच्या टाइल, भिंतीत बसवलेला शॉवर, चकचकीत नळ. आणि कोपरा रिकामा. जिथं कट्टा होता तिथं एकसारखी टाइल, जणू तिथं कधी काही नव्हतंच.

ती ओरडली नाही. आधी तिला वाटलं आपण चुकीच्या भिंतीकडे बघतोय. मग बाहेर आली आणि जे बोलली ते बोलू नये असं होतं.

"तुम्ही केलंत हे. तुम्ही सांगितलंत त्याला. तुम्हाला ती नकोच होती घरात! मोकळं व्हायचं होतं ना तुम्हाला? व्हा. व्हा आता मोकळे!"

हेमेंद्र भिंतीला धरून उभा राहिला.

रामसेवक हिशेब द्यायला आला तो या वादळात सापडला. निवेदितानं त्याला हाताला धरून कोपऱ्यापाशी नेलं. "मैंने क्या कहा था? क्या कहा था मैंने?"

"भाभीजी, आपने कहा था कट्टा रहने देना." तो गोंधळून गेला होता. "रखा है ना. आइए."

त्यानं तिला अंगणात नेलं. जिन्याखाली विटा मांडून, त्यांवर फळी टाकून, सिमेंटचं ते पोतं ठेवलं होतं. वर प्लास्टिक, प्लास्टिक उडू नये म्हणून दगड. "एक दाना नहीं लिया इसमें से. दुकान से दूसरे कट्टे मँगाए. और वो पटिया तो... वो तो मलबे में गई. आपने कहा था बाकी सब तोड़ दो."

निवेदिता मटकन खाली बसली. बाहेरच्या जगात कट्टा म्हणजे सिमेंटची गोणी; बसायच्या दगडी फरशीला म्हणतात पटिया. ग्वाल्हेरात जन्मली होती, हे तिला काय माहीत नव्हतं? पण घरातले शब्द आणि बाहेरचे शब्द वेगवेगळ्या डब्यांत असतात. या घरात कट्टा म्हटलं की एकच. हिंदीत बोलताना तिनं सगळं वाक्य बदललं आणि तेवढा शब्द घरातला तसाच उचलून दिला. पोरीला झोपेत हाक मारताना कोण भाषा बघतं?

ती उठली, हेमेंद्रपुढे गेली आणि तिनं हात जोडले. "अहो, चुकले. माझ्याच तोंडानं घालवला मी आणि तुम्हाला काय काय बोलले."

हेमेंद्रनं मान फिरवली. खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली आणि रामसेवकला मागे बसवून निघून गेला. मलबा जिथं टाकला होता तिथं दिवसभर उकरत होता म्हणे. संध्याकाळी आला तेव्हा केसांत माती, दोन्ही तळवे सोललेले. "नाही मिळाला ग. वरून रोलर फिरलाय." निवेदितानं त्याच्या हातांना हळद-तेल लावलं. तिला वाटलं, किती चांगला माणूस, आणि मी याच्यावर काय बालंट घेतलं!

पुढचे दिवस तिनं स्वतःला नुसतं खाल्लं. सुधाताई आल्या तर त्यांना सांगायची, "माझीच जीभ झडली नाही त्या दिवशी." फोनवर बहिणीला तेच. भाजी चिरताना तेच. नव्या बाथरूममध्ये ती पाय ठेवीना. आता दोघंही अंगणातल्या नळावर. हेमेंद्र ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला, "तुझी काही चूक नाही." तिला ते सांत्वन वाटलं.

एका दुपारी तो जेवायला घरी आला होता. निवेदिता पोळ्या लाटत होती. दुकानातून फोन आला आणि तो पानावरूनच बोलायला लागला, "हाँ, किला गेट वाली पार्टी को बीस कट्टे भेज दो. नहीं, जो खुला कट्टा पड़ा है वो रहने देना."

लाटणं थांबलं.

तव्यावरची पोळी करपून धूर आला तरी ती उलटेना. तीस वर्षं हा माणूस दिवसातून शंभर वेळा हा शब्द बोलतो. मिस्त्रीशी, हमालाशी, गिऱ्हाइकाशी. त्या सकाळी तो तिच्या मागे उभा होता. तोंड उघडलं होतं त्यानं.

"तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

त्यानं घास खाली ठेवला.

"मी त्याला काय सांगतेय, आणि तो काय समजतोय. तुम्हाला तिथल्या तिथं कळलं होतं."

"हो."

"एक शब्द बोलायचा होता. पटिया म्हणायचं होतं फक्त."

"हो." तो ताटाकडे बघत राहिला. "मी ठरवून नाही केलं ग. बोलणार होतो, तेवढ्यात वाटलं, जातोय आपोआप तर जाऊ दे. तू तिथं बसायचीस, तुला ती भेटायची. मला नाही भेटायची. मला नुसती हाक ऐकू यायची. अंगावर पाणी घेतलं की 'बाबा, झालं.' रोज. मी वळून बघायचो, आणि कट्टा रिकामा. ती गेल्यावर कितीतरी दिवस मी माझ्या पोरीला उचलायला जायचो आणि ती नसायची. म्हणून नळावर गेलो. वाटलं, कट्टाच नसला तर हाक येणार नाही."

"आणि मी इतके दिवस स्वतःला शिव्या घालत होते, तेव्हा?"

तिनं गॅस बंद केला आणि गरिमाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. बोलायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती टॉवेल घेऊन उठली आणि नव्या बाथरूममध्ये गेली. नळावर अंघोळ म्हणजे त्याच्या शेजारी उभं राहणं, तेही आता नको होतं. शॉवर सोडला. कोमट पाणी आलं, छान आलं, सगळं छानच होतं. कोपऱ्याकडे पाठ करून तिनं कशीबशी अंघोळ उरकली. साडी नेसली. मग सवयीनं पुसायचं फडकं हातात घेतलं आणि तिला कळेना, आता पुसायचं काय. टाइलवरून हात फिरवत ती तशीच खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. मोठ्यानं नाही, नळ सोडून, तोंडात पदर घालून.

रडणं संपलं. नळ बंद केला. बाथरूममध्ये अगदी शांत झालं.

बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

तिनं दार उघडलं. हेमेंद्र दारात उभा होता. पेपर खाली पडलेला. दोन्ही हात कोपरात वाकवून पुढे धरलेले, कुणाला तरी उचलून घ्यायला धरावेत तसे. सोललेल्या तळव्यांवर नवी कातडी आलेली. आपण काय करतोय हे त्याला तिला बघून कळलं असावं, पण हात खाली येईनात.

"कुणी हाक नाही मारली," ती म्हणाली. न बोलायचं ठरवलं होतं, तरी.

"मारली ग," तो म्हणाला. "अजून मारते. उगाच तोडू दिला मी. उगाच."

निवेदिता उंबऱ्यावर ओलं फडकं धरून उभी राहिली. तो तसाच हात पुढे करून रडत होता, आणि त्या हातांत द्यायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.