रंगाची तार

"वहिनी, मी काय सर्कशीत कामाला आहे का हो?" दारात उभ्या पोस्टमननं छाती पुढे काढून विचारलं. त्याच्या निळ्या शर्टाची सगळी काजं लालभडक धाग्यानं शिवली होती. "सकाळी घाईत चढवला. अख्खी गल्ली हसली. शेवटी मीपण हसलो."

शिंपीणबाई मात्र हसल्या नाहीत. "आणून द्या, उसवून देते," एवढंच म्हणाल्या, आणि तो गेल्यावर त्यांनी शिलाई मशीनवर चादर टाकली. "संपलं. आता कोणाचे कपडे घ्यायचे नाहीत."

नवरा कोपऱ्यात बसून ऐकत होता. जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केलेला माणूस तो. बायकोची नजर अधू झाली, तेव्हा त्यानंच एक जुना कॅमेरा सुईवर रोखून बसवला होता आणि घरी केलेल्या वायरीनं टीव्हीला जोडला होता. पडद्यावर टाका बोटाएवढा दिसायचा, पण काळा-पांढरा. कॅमेऱ्यातून उजेडाची तार वेगळी यायची, रंगाची वेगळी. टीव्हीला भोक एकच. त्यानं उजेडाची तेवढी जोडली. शिवायला रंग कशाला लागतो, असं या शहाण्याला वाटलं! बाई बिचाऱ्या रिळं डब्यातल्या जागेवरून ओळखायच्या. आणि परवा यानंच मोठ्या हौसेनं तो डबा आवरला होता.

"डबा मी आवरला," तो म्हणाला.

"कोणी सांगितला होता नसता उद्योग?" बाई कडाडल्या. त्याला जरा बरं वाटलं. रागावल्या म्हणजे अजून हरल्या नव्हत्या.

मोडक्या रेडिओतून त्यानं डाळीएवढा कपॅसिटर काढला, रंगाच्या तारेत जोडून कथलाचा डाग दिला आणि दोन्ही तारा एकाच पिनेत आणल्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या.

"झालं, होतं तेही घालवलंत!"

त्यानं एक सैल तार दाबून घट्ट बसवली. बाईंनी रीळ कॅमेऱ्याखाली नेलं आणि ओरडल्याच, "लाल!" मग अख्खा डबा उपडा केला. "हा मोरपंखी. ही अबोली. अहो, हा आमसुली, आणि मी जांभळा समजून बसले होते! पोस्टमनला म्हणावं, शर्ट आजच आण!" तो प्रत्येक रंगाला मान डोलवत होता. त्यातले निम्मे त्याला कळत नव्हते, पण इतका आनंद त्याला स्वतःचं दुकान थाटलं तेव्हाही झाला नव्हता.

"बसा इथे," म्हणत बाईंनी गंमत म्हणून कॅमेऱ्याची मान त्याच्याकडे वळवली. पडदाभर त्याचा चेहरा आला. हसत हसत त्या टीव्हीपाशी गेल्या, अगदी काचेला नाक टेकेपर्यंत, आणि थबकल्या.

"अहो, मिशी कधी पांढरी झाली?"

"झाली हळूहळू."

"मला सांगायचं तरी!"

"तुझ्या लेखी काळीच होती. म्हटलं, राहू दे की."

बाईंनी काचेवरच्या मिशीवरून बोट फिरवलं. "शोभते हो," त्या म्हणाल्या. त्याला शिंक येत होती, पण बाईंचं बघून होईपर्यंत तो ती दाबून तसाच बसून राहिला.