पालथी वाटी

जोहराआपांच्या पियानोत एका पावसाळ्यात उंदरानं घर केलं. आतल्या हातोड्यांवरची लोकर कुरतडून त्यानं मऊ बिछाना केला, आणि एके दिवशी शिकायला बसलेल्या पोरीच्या मांडीवरून उडी मारून तो पसार झाला. पोरगी पुढं आठवडाभर फिरकली नाही. तेव्हापासून आपांनी घरात नियमच घातला. झाकण उघडलं की आधी लाकडावर बोटानं दोनदा टकटक करायची, उंदीरमामांना जायला सवड द्यायची, मगच पट्ट्यांवर हात ठेवायचा. उंदीर पिंजऱ्यात सापडला, त्याला जमाना झाला. टकटक तेवढी राहिली. आपांच्या हाताखालचं लेकरू कुठल्याही पियानोपुढं बसलं की पाहुण्यासारखं आधी दार वाजवायचं. पियानो शिकवणाऱ्या तिघींच्या मंडळातल्या बाकी दोघी त्यावरून हसायच्या. वच्छला तर म्हणायची, "आपा, उंदरानं घर सोडलं, पण तुमच्या पोरी काय त्याला विचारल्याबिगर बसत नाय."

आपांचे वडील निजामाच्या महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. पोलीस ॲक्शन झाली, वर्षभरात वडील गेले आणि भाऊ बायकापोरांना घेऊन कराचीला निघून गेला. शहागंजच्या मागल्या घरातून पलंग गेले, आरसे गेले, झुंबर गेलं. पियानोला मात्र कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही. औरंगाबादेत पियानो घेऊन करतो काय माणूस? लहानपणी मिशनच्या एका म्हाताऱ्या मिससाहेबांनी आपांच्या हाताला वळण लावलं होतं. विधवा झाल्यावर तेच वळण कामी आलं. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, छावणीतल्या साहेबांच्या मुली येऊ लागल्या.

वच्छला त्यांच्या पहिल्या शागिर्दांतली. उस्मानपुऱ्यातल्या वकिलाची नवी नवरी. शेतकऱ्याघरची लेक, पियानो कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण नवऱ्याला हौस. आपांनी तिला बोटं धरून शिकवलं, सणाला बोलावलं, तिच्या बाळंतपणात रात्री जागवल्या. तिला वच्छू म्हणणारं माणूस सासरच्या गावात ते एकच. पुढं वकिलानं कलकत्त्याहून नवा पियानो आणवला आणि वच्छलाही शिकवू लागली. आपांना त्याचा आनंदच झाला होता. मिशनच्या शाळेतल्या मनकर्णाबाई मिळाल्या आणि तिघींचं मंडळ झालं.

मंडळ म्हणजे काय, तर महिन्यातून एका रविवारी छावणीतल्या जुन्या क्लबाच्या हॉलमध्ये जमायचं. एकीनं नवं काहीतरी बसवून वाजवायचं, दोघींनी दोष काढायचे. दोष हाताचा काढायचा, माणसाचा नाही. एकमेकींच्या अडचणी सांगायच्या. कुणाच्या पोरीचं मनगट ताठ राहतं, कुणाचा मुलगा ताल सोडून पळतो. आणि एक शब्द तिघींनी दिलेला होता, की न विचारता दुसरीचा शागीर्द घ्यायचा नाही.

वर्षातून एकदा नाताळाच्या सुटीत मुलांचा जलसा व्हायचा. त्यातला पडदा ही आपांची करामत. मोठ्या झालेल्या मुसलमान मुलींना घरचे चारचौघांत बसू देईनात, म्हणून आपांनी पियानोपुढं दोन जाड चादरी शिवून टांगल्या. बाहेर कळायचं ते एवढंच, की हा अमक्या बाईंचा शागीर्द. मुलाचं नाव पुकारायचंच नाही. मग वच्छलानं गुण द्यायची रीत काढली. तिघींपुढं तीन पितळी वाट्या आणि चिंचोक्यांचा ढीग. वाजवणं झालं की पसंतीप्रमाणं दहापर्यंत चिंचोके वाटीत टाकायचे. आपलाच शागीर्द असेल तर वाटी पालथी घालायची. आईनं लेकराला गुण देऊ नयेत, ती म्हणाली होती. सगळ्यांना ते फार आवडलं.

त्या वर्षी जलशाला वेगळंच महत्त्व आलं. मुंबईहून डिमेलो बाई येणार होत्या. पियानो शिकवणाऱ्यांना शिकवणारी ही बाई. दर उन्हाळ्यात तिचा दीड महिन्याचा वर्ग भरायचा, आणि मराठवाड्यातून एकाच जणीला तिथं जागा होती. जिचा शागीर्द जलशात सरस ठरेल तिनं जायचं.

आपांची पन्नाशी उलटली होती. मिससाहेबांनी शिकवलं त्यापुढं त्यांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. आपल्या हातात काहीतरी अडून बसलंय हे त्यांना कळायचं, पण काय ते सांगणारं या गावात कुणी नव्हतं. मुंबईच्या वर्गाचं ऐकल्यापासून त्या नव्या नवरीसारख्या हरखल्या होत्या. त्यांनी बिस्तरासुद्धा बांधून ठेवला. वच्छलानं त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "यंदा तुम्हीच जायचं आपा. मी काय, पुढल्या साली जाईन." आपांचा भरवसा अमिनावर होता. युसूफभाई कापडवाल्याची चौदा वर्षांची लेक. तिच्यासारखा हात आपांनी सबंध आयुष्यात घडवला नव्हता.

आणि दसऱ्याच्या सुमाराला अमिना यायची थांबली.

निरोप वच्छलानंच आणला. युसूफभाईचं घर तिच्याच गल्लीत. पोरगी मोठी झाली, आता बाहेर धाडणार नाहीत, असं तोंड पाडून तिनं सांगितलं. आपांना स्वतःला तेराव्या वर्षी मिससाहेबांकडं जायची बंदी झाली होती, ते दिवस आठवले. बापाच्या घरी जाऊन वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एका फळीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या रंगवल्या, पियानोतल्यासारख्या, मोजूनमापून. आवाज नसला तरी बोटांना विसर पडू नये. ती फळी जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून वच्छलाच्याच हाती दिली. "पोरीला म्हणावं, आपा रोज याद करती," त्या म्हणाल्या. वच्छलानं फळी छातीशी धरून नेली.

जलशाच्या दिवशी हॉल भरला होता. डिमेलो बाई मधल्या खुर्चीत, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांच्या एका बाजूला मनकर्णाबाई, दुसऱ्या बाजूला वच्छला, तिच्या पलीकडं आपा. पडद्यामागं मिशनची दगडाबाई मुलांना एकेक करून बसवत होती. आपांच्या दोन मुलींनी नेटकं वाजवलं. आधी टकटक, मग सूर. डिमेलो बाईंना टकटकीचं कारण कळलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. मनकर्णाबाईंच्या मुलानं घाई केली. मग दगडाबाईनं पुकारलं, वच्छलाबाईंचा शागीर्द.

खुर्ची सरकली. मग लाकडावर दोन टिचक्या. टक, टक.

वच्छलाच्या बांगड्या वाजल्या. तिच्या मांडीवरच्या हाताची एकदम मूठ वळली होती. आपांनी मान वळवली नाही. त्यांना वाटलं, दगडाबाई चुकली असेल, आपल्याच पोरीला पुन्हा बसवलं असेल. पण सूर सुरू झाला आणि तो आधार गेला. आईला पावलांवरून लेक कळते तसा तो हात त्यांना कळला. डावी करंगळी जराशी उशिरा उतरते, ती खोड काढायला त्यांनी सबंध पावसाळा घालवला होता आणि शेवटी देखणी म्हणून राहू दिली होती. पोरगी फार सुंदर वाजवत होती. नव्या पियानोवर बोट आणखी मोकळं झालं होतं. आपांच्या डोळ्यांपुढं मात्र दुपट्ट्यात गुंडाळलेली फळी होती, आणि ती छातीशी धरून उंबरा ओलांडणारी वच्छला.

बाहेर धाडत नाहीत म्हणे. चार घरं पलीकडं तर धाडत होते.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वच्छलानं रीतीप्रमाणं आपली वाटी पालथी घातली. मनकर्णाबाईंनी मूठभर चिंचोके आपल्या वाटीत टाकले. आपांनी चिंचोक्यांना हात लावला नाही. त्यांनी आपली वाटी उचलली आणि हलकेच पालथी घातली.

पितळेचा आवाज लहानच झाला, पण टाळ्या थांबल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या बायका माना उंच करून बघू लागल्या. डिमेलो बाईंनी एका पालथ्या वाटीवरून दुसरीकडं पाहिलं. एका लेकराला दोन आया कशा, असं त्यांनी हिंदीत विचारलं. रीत त्यांना सकाळीच समजावून झाली होती, आणि समजावली होती वच्छलानंच.

आपांना बोलता आलं असतं. पडदा बाजूला सारून पोरीला विचारलं असतं तर निकाल तिथंच लागला असता. पण पडदा त्यांनीच टांगलेला. युसूफभाईची लेक त्या पडद्याच्या भरवशावर आत बसली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "वच्छूला विचारा. ती सांगंल ते मला कबूल."

वच्छला खाली बघत होती. मनकर्णाबाईंनी नंतर सांगितलं, की ती रडते की काय असं त्यांना वाटलं होतं. आपाही वाट बघत होत्या. ती एक शब्द खरा बोलली असती तरी पुष्कळ होतं. मुंबईची जागा ती घेऊन गेली असती तरी चाललं असतं.

"माझ्याकडंच शिकते ती," वच्छला म्हणाली. "मीच तयार केली तिला."

डिमेलो बाईंनी आपांकडं पाहिलं. आपांनी कबूल म्हणून मान हलवली. मग पालथी वाटी सरळ केली. दुसरीचा शागीर्द असेल तर गुण देणं भागच होतं. त्या एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकू लागल्या. पाच झाले, सात झाले. वच्छला प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होती. दहावा टाकून आपांनी वाटी डिमेलो बाईंकडं सरकवली आणि वच्छलाकडं वळून शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "पोरीला एवढं सांगा वच्छलाबाई. तुमच्या घरी उंदीर नाय. आता दार वाजवायची गरज नाय."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा अहो-जाहो केलं.

उन्हाळ्यात वच्छला मुंबईला जाऊन आली. मंडळाची रीत होती, की बाहेर जाऊन शिकलं ते येऊन दोघींना शिकवायचं. आपा त्या रविवारी आल्या. लोकांना वाटलं होतं येणार नाहीत. मागच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मनगट कसं सोडायचं, खांद्यातून वजन बोटात कसं उतरू द्यायचं. त्यांच्या हातात इतकी वर्षं काय अडून बसलं होतं ते त्यांना त्या दुपारी समजलं, तेही वच्छलाच्या तोंडून. शेवटी वच्छलानं पियानोपुढची खुर्ची मागं ओढली आणि म्हणाली, "आपा, बसा ना. एकदा करून बघा."

"बघीन घरी," आपा म्हणाल्या. "मेहेरबानी तुमची."

घरी आल्यावर त्यांनी पियानोचं झाकण उघडलं. सवयीनं बोट लाकडाकडं गेलं, आणि तिथंच थांबलं. थोड्या वेळानं त्यांनी झाकण पुन्हा लावलं आणि मुंबईसाठी बांधून ठेवलेला बिस्तरा कपाटातून काढून सोडायला घेतला.